पाद्र्याचं लायसन्स आणि पाच हजार डॉलर : एका निलंबनाचं प्रकरण

24 नोव्हेंबर 1968, रविवारची दुपार. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात पाच वर्षांची एक मुलगी सायकलवरून आली आणि एका मोटारीच्या बाजूवर आदळली. मोटारीने मुलीला धडक दिली नव्हती, सायकल मोटारीच्या कुशीत शिरली होती. हा फरक लक्षात ठेवायचा, कारण पुढे अडीच वर्षं भांडण चाललं ते या फरकाला किंमत आहे की नाही यावरच.

गाडी चालवत होते पॉल बेल. व्यवसायाने पाद्री. तीन ग्रामीण वस्त्यांचं धर्मकार्य त्यांच्याकडे होतं आणि ते मोटारीशिवाय होणं शक्य नव्हतं. मुलीला बरीच दुखापत झाली असं सांगून आईवडिलांनी राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे अपघाताचा अहवाल दाखल केला आणि 5,000 डॉलर भरपाईचा दावा नोंदवला. बेल यांच्याकडे विमा नव्हता. तो नसणं हा जॉर्जियात त्या वेळी गुन्हा नव्हता. विम्याची सक्तीच नव्हती. कायदा एवढंच म्हणत होता की विमा नसलेल्याचा अपघात झाला, तर मागितलेल्या रकमेइतकी हमी त्याने अपघातानंतर पुढे करावी.

विभागाच्या संचालकांनी बेल यांना तसं कळवलं. एक तर अपघाताच्या दिवशी चालू असलेला विमा दाखवा. तो नसेल तर 5,000 डॉलरचा बॉण्ड किंवा तेवढीच रोख रक्कम जमा करा, नाही तर समोरच्यांकडून 'आमचा काही दावा नाही' असं नोटरी केलेलं पत्र आणा. शिवाय पुढच्या काळासाठी आर्थिक ऐपतीचा पुरावा द्या. यातलं काही जमलं नाही, तर चालवण्याचं लायसन्स आणि गाडीची नोंदणी दोन्ही निलंबित.

या यादीत 'चूक कोणाची होती' हा प्रश्न नाही. रकमेचा आकडाही चौकशीतून आलेला नाही, तो दावेदाराने अर्जात लिहिलेला आहे. म्हणजे समोरच्याने 5,000 ऐवजी 10,000 लिहिले असते, तर हमीची मागणीही त्या आकड्याच्या मागे चालली असती.

सुनावणी झाली, आणि तिथेच घोटाळा आहे

बेल यांनी प्रशासकीय सुनावणी मागितली आणि ती मिळाली. म्हणून 'ऐकून न घेताच लायसन्स काढून घेतलं' असं म्हणता येत नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासाचं आहे. त्यांनी आपली चूक नसल्याचा पुरावा पुढे केला, तेव्हा तो घेतला गेला नाही. सुनावणीचा विषय फक्त दोन गोष्टींपुरता ठेवला होता : अपघातात हाच माणूस होता का, आणि कायद्यातल्या एखाद्या अपवादात तो बसतो का. बसत नव्हता. हमी भरायला तीस दिवस मिळाले.

बेल वरच्या न्यायालयात गेले. त्या न्यायालयाने पुरावा पाहिला, त्यांची चूक नव्हती असं मानलं, आणि मुलीच्या इजेबद्दल भरपाईचा रीतसर दावा दाखल होईपर्यंत लायसन्स निलंबित करू नये असा आदेश दिला. मग राज्याच्या अपील न्यायालयाने तो आदेश फिरवला. कारण दोन ओळींत मावतं : कायद्याला चूक कोणाची याच्याशी कर्तव्य नाही, दोषी असा की निर्दोष, हमी भरा. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. मग ते वॉशिंग्टनला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं.

राज्याची भूमिका आपल्याकडच्या वाचकालाही ओळखीची वाटेल : गाडी चालवणं हा हक्क नव्हे, राज्याने दिलेली मुभा आहे; जो देतो तो अटी घालतो, आणि अट मोडली की काढून घेतो.

इथे शब्दांचा थोडा निवाडा करायला हवा. अमेरिकेतल्या या वादात हक्काच्या समोर 'प्रिव्हिलेज' हा शब्द उभा केला जातो, त्याचं कोशातलं मराठी भाषांतर 'विशेषाधिकार'. मराठी कानाला विशेषाधिकार म्हणजे साध्या हक्काहून वरची गोष्ट वाटते. विधानसभेतला हक्कभंग आठवतो. या वादातला अर्थ नेमका उलटा, हक्काहून खालचा आहे : मुभा, सवलत, खरं तर मेहेरबानी. मेहेरबानी केव्हाही मागे घेता येते आणि तिचा हिशेब द्यावा लागत नाही, हा त्या युक्तिवादाचा गाभा. आपल्याकडे सरकारी मराठीत लायसन्सला 'अनुज्ञप्ती' म्हणतात, त्यातही अनुज्ञेचाच वास आहे. लोक मात्र 'लायसन्स काढलं' म्हणतात, रेशनकार्ड काढल्यासारखं.

24 मे 1971 चा निकाल

निकालपत्र न्यायमूर्ती ब्रेनन यांचं. तीन न्यायमूर्ती फक्त निष्कर्षाशी सहमत झाले. विरोधी मत कोणाचंच नव्हतं. बेल जिंकले.

न्यायालयाने 'हक्क की मुभा' या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, तो प्रश्नच बाजूला सारला. लायसन्स एकदा दिलं की त्यावर माणसाची रोजीरोटी उभी राहू शकते. मग ते काढून घेताना राज्य एका महत्त्वाच्या हिताचा निवाडा करत असतं. त्या हिताला हक्क म्हणा की मुभा म्हणा, ते काढून घेताना न्याय्य प्रक्रियेचं बंधन राज्यावर राहतंच.

आता नेमकी प्रक्रिया कुठे चुकली? राज्याचं म्हणणं होतं की चूक कोणाची हे इथे गैरलागू आहे. न्यायालयाने राज्याचाच कायदा उलगडून दाखवला. त्या कायद्यात बेल यांची सुटका कशी होऊ शकत होती? समोरच्यांनी दावा सोडला तर. न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं तर. हप्त्याने भरपाई द्यायची तडजोड झाली तर. म्हणजे निलंबन टिकतं की उठतं हे शेवटी जबाबदारी कोणाची यावरच ठरत होतं. मग निलंबनाच्या आधी घेतलेल्या सुनावणीत नेमका तोच प्रश्न बंद कसा ठेवता? निर्णयाचा मुख्य घटक वगळून घेतलेली सुनावणी ही सुनावणीच नव्हे.

हे वाचताना हाताशी कागद घ्यावा आणि दोन रकाने करावेत : एकात 'सुनावणीत काय विचारलं', दुसऱ्यात 'निर्णय कशावर फिरतो'. दोन्ही रकाने जुळत नसतील तर त्या निलंबनात खोट आहे. कुठल्याही देशातलं लायसन्सचं प्रकरण तपासायला ही पद्धत चालते.

न्यायालयाने काय मागितलं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. सुनावणीतच पूर्ण खटला चालवा असं म्हटलं नाही. या माणसाविरुद्ध मागितलेल्या रकमेइतका हुकूमनामा होण्याची वाजवी शक्यता आहे का, एवढंच तपासायचं. ते कुठे तपासायचं याचं स्वातंत्र्य राज्याला : प्रशासकीय सुनावणीत करा, नाही तर भरपाईचा दावा निकाली निघेपर्यंत निलंबन थांबवा. खर्च वाढेल ही राज्याची तक्रार पुरेशी मानली गेली नाही. आणि एक गोष्ट न्यायालयाने स्वतःहून सांगितली : विमा किंवा हमी नसलेल्या कोणालाच लायसन्स द्यायचं नाही असा सरसकट नियम राज्याने केला असता, तर त्यात काही चूक नव्हती. सगळ्यांना आधी अट घालणं वेगळं, आणि अपघात झालेल्यालाच नंतर गाठून, दोष न पाहता, शिक्षेसारखी हमी मागणं वेगळं. आज अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत विमा सक्तीचा आहे. म्हणजे राज्यांनी पहिलाच रस्ता धरला.

बेल यांचा निकाल हातात घेऊन 'सुनावणीआधी लायसन्सला हात लावायचाच नाही' असं म्हणणाऱ्यांना पुढची दोन प्रकरणं दाखवावी लागतात. 1977 साली इलिनॉयमधल्या एका ट्रकचालकाचं लायसन्स दहा वर्षांत तीनदा निलंबित झाल्यामुळे रद्द झालं, आधी सुनावणी न घेता. न्यायालयाने ते मान्य केलं. तिथे आधार होता न्यायालयांतल्या दोषसिद्धीच्या नोंदींचा. नोंदी मोजायच्या होत्या, माणसाचं म्हणणं तोलायचं नव्हतं. चुकीची शक्यता कमी आणि सुनावणी नंतर मिळणार होती. 1979 साली मॅसॅच्युसेट्समध्ये दारूची श्वासचाचणी नाकारल्याबद्दलचं 90 दिवसांचं तातडीचं निलंबनही टिकलं, पण पाच विरुद्ध चार मतांनी. कारण रस्त्यावरचा धोका लगेच थांबवायचा होता आणि चाचणी नाकारली हे पोलिसाने स्वतः पाहिलेलं होतं. जिथे वस्तुस्थिती कागदावर पक्की असते तिथे सुनावणी नंतर चालते, जिथे ती वादात असते तिथे आधी लागते. बेल यांच्या प्रकरणात ती वादात होती.

अर्धवट वाचलेला निकाल

याच विषयात अमेरिकेत एक जमात आहे, जी म्हणते की आम्ही गाडी 'चालवत' नाही, 'प्रवास' करतो, म्हणून लायसन्स लागतच नाही. त्यांचं लाडकं अवतरण व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1930 च्या निकालातलं, थॉम्पसन विरुद्ध स्मिथ. सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा नागरिकाचा हक्क निव्वळ मुभा नाही, असं त्यात खरोखरच लिहिलं आहे. पण त्याच निकालात पुढे असंही आहे की मोटार चालवण्यासाठी सर्वांना सारखे नियम लावून परवाने देणं, नाकारणं आणि रद्द करणं शहराला करता येतं. मनमानी मात्र करता येत नाही. प्रकरण होतं लिंचबर्ग शहराचं. तिथे पोलीसप्रमुखाला स्वतःच्या मताने परवाना रद्द करायची मोकळीक दिली होती, आणि न्यायालयाने खोडली ती ही मोकळीक. लायसन्सची गरज नव्हे. त्याआधीच, 1915 साली, मोटारचालकांना लायसन्स लावण्याचा राज्यांचा अधिकार देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडच्या एका प्रकरणात मान्य केला होता. तेव्हा निम्मं अवतरण घेऊन रस्त्यावर पोलिसाशी हुज्जत घालणाऱ्याच्या हाती दंडाची पावतीच येते.

आपल्या रस्त्यावर आणलं तर

भारतात हा प्रश्न आधी बसच्या धंद्यातून आला. उत्तर प्रदेश सरकारने बुलंदशहर-दिल्ली मार्गावरची खासगी बससेवा बंद करून स्वतःची चालू केली, तेव्हा सगीर अहमद विरुद्ध उत्तर प्रदेश या 1954 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक मूलभूत गोष्ट सांगितली. रस्ते सरकारच्या मालकीचे असले तरी सरकार ते जनतेचा विश्वस्त म्हणून धरतं. रस्ता वापरणं हा लोकांचा हक्क. तो मोटार वाहन कायद्याने जन्माला घातलेला नाही, कायदा फक्त त्याला शिस्त लावतो. तेव्हा 'रस्ता सरकारचा, सरकार म्हणेल तसं' हा युक्तिवाद आपल्याकडे सत्तर वर्षांपूर्वीच निकालात निघाला. तरीही 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 3 सांगतं की चालू लायसन्सशिवाय सार्वजनिक जागी गाडी चालवता येत नाही. रस्ता वापरण्याचा हक्क आणि स्टिअरिंग धरण्याची पात्रता अशा या दोन पायऱ्या आहेत; पहिली जन्मतः, दुसरी चाचणी देऊन.

बेल यांच्यासारखा पेच आपल्याकडे कुठे पडतो? कलम 206 मध्ये. या कलमाची दोन पोटकलमं शेजारी शेजारी आहेत, दोन्हींत पोलीस लायसन्स घेतात आणि पावती देतात, पण परिणाम एकमेकांच्या विरुद्ध.

पोटकलम 2 : चालक समन्स टाळेल असं वाटलं तर पोलीस लायसन्स जप्त करून न्यायालयाकडे पाठवतात. पोटकलम 3 नुसार मिळणाऱ्या तात्पुरत्या पावतीवर लायसन्स परत मिळेपर्यंत, किंवा पावतीवर लिहिलेल्या तारखेपर्यंत, गाडी चालवता येते.

पोटकलम 4, जे 2019 च्या दुरुस्तीने आलं : वेगमर्यादा ओलांडणं (183), धोकादायक चालवणं (184), नशेत चालवणं (185), शर्यत (189), असुरक्षित वाहन (190), दुचाकीवर ट्रिपल सीट (194-सी), हेल्मेट नसणं (194-डी), रुग्णवाहिकेला वाट न देणं (194-ई). यांपैकी काही घडल्याचं मानायला कारण असेल तर लायसन्स जप्त करून आरटीओकडे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे पाठवायचं. पावती याही वेळी मिळते, पण कायदा स्पष्ट म्हणतो की या पावतीवर गाडी चालवता येणार नाही.

इथेच रिक्षावाला, टेम्पोचालक, घरोघर पार्सल पोचवणारा पोरगा त्या पाद्र्याच्या जागी येऊन उभा राहतो. कलम 19(1क) प्रमाणे आरटीओने सुनावणीची संधी द्यायची, मग एक तर सोडून द्यायचं, नाही तर सविस्तर लेखी कारणं देऊन पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवायचं. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्द. म्हणजे सुनावणी कायद्यात आहे. पण जप्तीपासून सुनावणीपर्यंत चालक घरी बसलेला असतो, आणि या मधल्या काळाला त्या दोन कलमांत कमाल मुदत नाही. नशेत चालवणाऱ्याच्या बाबतीत हे समजण्यासारखं आहे. तिथे श्वासचाचणीचा आकडा हातात असतो, 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा ठरलेली असते, आणि धोका खरा असतो. 'धोकादायक चालवलं' हे मात्र बऱ्याचदा एका माणसाचं दुसऱ्याबद्दलचं मत असतं. दोघांना एकाच माळेत ओवणं हा या दुरुस्तीतला सगळ्यात कच्चा दुवा वाटतो.

निर्णय कोणी करायचा याबद्दल मात्र संदिग्धता नको. 2022 साली कलकत्ता उच्च न्यायालयात असं प्रकरण आलं की वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल वाहतूक पोलिसांच्या सहायक आयुक्ताने थेट 90 दिवसांचं निलंबन केलं होतं. राज्याने एका अधिसूचनेचा आधार घेतला. न्यायमूर्ती मौशुमी भट्टाचार्य यांनी तो मानला नाही : पोलीस लायसन्स जप्त करून पाठवू शकतात, निलंबित करण्याचा किंवा अपात्र ठरवण्याचा अधिकार लायसन्स देणाऱ्या प्राधिकाऱ्याचा. लिंचबर्गच्या पोलीसप्रमुखाचं प्रकरण नव्वद वर्षांनी कोलकात्यात उगवल्यासारखं आहे.

असं लायसन्स गेलंच तर क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा पावतीवरचं कलम वाचायचं. 206(4) असेल तर गाडी तिथेच कोणाच्या तरी ताब्यात द्यायची, स्वतः घरी न्यायची नाही. मोबाइलवर डिजिटल प्रत दिसते म्हणून चालवत राहणं हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज; जप्तीची नोंद सरकारी पोर्टलवर असते. अपात्रतेच्या काळात चालवलं तर कलम 182 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला कायदेशीर कारण मिळतं : तिसऱ्या व्यक्तीला भरपाई द्यावी लागली, तरी ती रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करायला येऊ शकते.

दुसरा गैरसमज चलनाचा. तडजोड शुल्क भरलं की प्रकरण मिटलं असं सगळे धरून चालतात. कलम 200 च्या परंतुकात स्पष्ट लिहिलं आहे की तडजोड झाली तरी 206(4) ची कार्यवाही चालूच राहते. उलट, पैसे भरणं म्हणजे कबुली, असं सुनावणीत तुमच्यासमोर ठेवलं जाऊ शकतं. म्हणून वस्तुस्थितीच मान्य नसेल, तर चलन भरायच्या आधी विचार करायचा.

सुनावणीची नोटीस यायची वाट न पाहता आरटीओत लेखी अर्ज द्यावा आणि पोचशिक्का घ्यावा. अर्जात चार गोष्टी : जप्तीची तारीख आणि पावतीचा क्रमांक, कुठल्या पुराव्यावर आरोप आहे त्याची मागणी (म्हणजे कॅमेऱ्याचं छायाचित्र, वेगमापकाच्या तपासणीचं प्रमाणपत्र, जागेवरच्या वेगमर्यादेच्या फलकाचा तपशील), त्या वेळी गाडी कोण चालवत होतं, आणि लायसन्सवर रोजगार असल्यास त्याचा पुरावा. रोजगाराच्या मुद्द्याने आरोप पुसला जात नाही, पण निर्णय लवकर द्यावा आणि जप्तीचे दिवस तीन महिन्यांत धरावेत ही मागणी त्यावर उभी राहते. नुसतं 'गरीब माणूस आहे साहेब' याने काही होत नाही. वर सांगितलेले दोन रकाने इथे भरायचे : आरोपाचा मुख्य घटक कोणता, आणि सुनावणीत तो तपासला का.

आदेश विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं. आदेशात कारणंच नसतील, 'कलमानुसार अपात्र' एवढाच शिक्का असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच. दोष मान्य असेल तर अपिलात वेळ घालवू नये. मुदत संपली तरी कलम 19 प्रमाणे चालकाचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन्स परत मिळत नाही, तेव्हा त्याचीच चौकशी आधी करावी.

आणि रस्त्यावर मिळालेल्या पावतीवर कलम लिहिलेलंच नसेल, किंवा नुसतं '206' लिहिलेलं असेल, तर पोटकलम त्याच वेळी, त्याच हाताने लिहून मागावं. आज गाडी चालवत घरी जाता येणार की नाही, हे त्या एका आकड्यावर आहे.